एसवायच्या फॉर्मआधीची वीस मिनिटं

सकाळी ६.३०

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझा दिवस फोनवर सुरू होतो. जालन्यात तोवर पाऊस होऊन गेलेला असतो, कपाशी-सोयाबीनची पेरणी उरकलेली असते आणि रानात कोळपणी, खताचा पहिला डोस असली कामं निघालेली असतात. नेमक्या याच दिवसांत महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाचे, म्हणजे एसवायचे, प्रवेश येतात. "मॅडम, आज खत टाकायलोत, उद्या आलं तर चालंल का?" "मॅडम, सही ऑनलाइन नाही का होत?" सगळ्यांना माझं उत्तर एकच असतं. उशिरा ये, पण ये. पालक प्राध्यापकाशी, म्हणजे मुलाला नेमून दिलेल्या मार्गदर्शक प्राध्यापकाशी, बोलल्याशिवाय एसवायचा फॉर्म घ्यायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि हा नियम मला मनापासून पटतो.

मी भूगोल शिकवते. भूगोल कलाशाखेतही असतो आणि विज्ञानशाखेतही, म्हणून दोन्हीकडची मुलं माझ्या यादीत येतात.

सकाळी ८.१५

पहिला तास व्हायच्या आत मी विभागात बसून आजच्या मुलांच्या गुणपत्रिका काढून ठेवते. प्रत्येकाचे दोन्ही सत्रांचे गुण, हजेरी, कोणत्या गावाहून येतो, घरी कोण काय करतं, एवढं एका पानावर असतं. पान आधी वाचलेलं नसेल तर भेटीच्या वीस मिनिटांतली दहा चौकशीत जातात.

हे सगळं का करावं लागतं, ते आधी सांगते. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत पदवीला नवीन शैक्षणिक धोरणाची रचना २०२४-२५ पासून आली. पहिल्या वर्षी मुलगा तीन विषय घेतो. दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यातला एक मेजर (मुख्य) होतो, एक मायनर (दुय्यम), आणि तिसरा सुटतो. पूर्वी आमच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात तिन्ही ऐच्छिक विषय तिसऱ्या वर्षापर्यंत सोबत चालायचे. बी.ए. झालेला मुलगा इतिहासात एम.ए. करू की राज्यशास्त्रात, हा विचार पदवी हातात आल्यावर करायचा. आता तोच विचार एकोणिसाव्या वर्षी करायचा आहे. निर्णय दोन वर्षं अलीकडे आला, पण विचार करायला शिकवणारी सोय काही आपोआप अलीकडे आली नाही.

दहावीला २०१६ पासून काही वर्षं बोर्डाची कलचाचणी होती. निकालासोबत मुलाच्या हातात एक कागद यायचा, त्यावर कल लिहिलेला असायचा. चाचणी चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवू. माझा अनुभव असा की त्या कागदावर मुलाशी कोणी बसून बोललं असेल तर त्याचा उपयोग झाला, नाहीतर तो प्लास्टिकच्या पिशवीत टी.सी.च्या मागे जाऊन बसला.

सकाळी ९.००

तास. टोपो नकाशावरच्या समोच्च रेषा. पावसामुळे वर्ग अर्धा भरलेला.

सकाळी १०.१०

पहिला मुलगा भोकरदन तालुक्यातला. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल. आत येऊन खुर्ची ओढण्याआधीच विचारतो, "मॅडम, सोपा कोणताय?"

हा प्रश्न या आठवड्यात मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो, आणि मी त्यावर कधीच रागावत नाही. ज्या मुलाने बारावीपर्यंत गाईडवर अभ्यास केला, ज्याच्या घरात कोणी पदवी घेतलेली नाही, त्याला दुसरा कोणता प्रश्न सुचणार? 'सोपा' म्हणजे त्याच्या लेखी पार पडणारा. नापास झालो तर घरचे पुन्हा पाठवणार नाहीत, ही भीती त्या शब्दाखाली असते.

मी विचारते, पदवी कशासाठी घ्यायची आहे? "भरती." कोणती? "पोलीस." पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते, हे त्याला माहीत आहे. मग पदवी कशाला? थोडा वेळ थांबून तो म्हणतो, पीएसआयला पदवी लागते. म्हणजे विचार केलेला आहे, फक्त कोणी विचारलं नव्हतं. पीएसआयला कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यामुळे मेजरवर त्याची नोकरी अवलंबून नाही, पण पुढच्या दोन वर्षांचा अभ्यास अवलंबून आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे आणि तिच्यात वैकल्पिक विषयही आहे. उद्या त्याला तिकडे वळावंसं वाटलं, तर मेजरचा अभ्यास कामी येईल. पण त्यासाठी पानभर लिहिता आलं पाहिजे. मी त्याला इतिहास आणि राज्यशास्त्र या दोन्हींच्या उत्तरपत्रिकेतली गेल्या सत्रात स्वतः लिहिलेली उत्तरं आठवायला सांगते. पंचायत राजवरचं उत्तर त्याला जवळजवळ जसंच्या तसं आठवतं, कारण त्याचा चुलता ग्रामपंचायतीत सदस्य आहे आणि ग्रामसभेत काय होतं ते त्याने पाहिलेलं आहे.

त्याने राज्यशास्त्र मेजर, इतिहास मायनर लिहिलं. भूगोल सोडला. माझा विषय सोडणाऱ्या मुलाच्या फॉर्मवर मी आनंदाने सही करते. पालक प्राध्यापकाने आपल्या विभागाची पटसंख्या मनात धरून सल्ला दिला, तर त्या खुर्चीवर बसण्याचा त्याला अधिकार नाही. हे मी स्टाफरूममध्येही मोठ्याने बोलते, कारण मेजरला मुलं कमी झाली की विभागाचा कार्यभार कमी होतो आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्याच्या पोटावर पाय येतो. हा ताण खरा आहे. पण तो मुलाच्या फॉर्मवर उतरवायचा नाही.

सकाळी ११.००

जाफराबाद तालुक्यातली मुलगी. बी.एस्सी., रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र. गुण तिन्हीत बरे, रसायनशास्त्रात सर्वांत चांगले. तिला रसायनशास्त्र सोडायचं आहे.

"का गं?"

"असंच. नाही जमायलं."

गुण पुढे ठेवून मी म्हटलं, जमतंय तर खरं. मग ती गप्प. अशा वेळी घाई केली तर मूल 'हो मॅडम' म्हणतं आणि उठून जातं. मी चहा मागवला. हजेरीचं पान उघडलं तेव्हा उलगडलं. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची बॅच दुपारची, आणि तिच्या गावाकडे जाणारी सोयीची एसटी त्याच्या मधोमध निघते. नंतरची गाडी गावात पोहोचेपर्यंत अंधार पडतो. घरच्यांनी एकदा सांगितलं, अंधारात यायचं असेल तर कॉलेज बंद. त्यानंतर तिने घरी काहीच सांगितलं नाही आणि आम्हालाही नाही. प्रात्यक्षिकातून अर्ध्यात उठून जायची, बोलणी खायची. विषय सोडला म्हणजे प्रश्न सुटला, असा तिचा हिशेब.

जिला आम्ही 'अजून काही ठरवलेलं नाही' या रकान्यात टाकलं होतं, तिचं मन केव्हाच ठरलेलं होतं. अडचण वेळापत्रकात होती. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, पण महाविद्यालयाला येणाऱ्या मुलीचं शिक्षण आजही एसटीच्या फलकावर ठरतं. तिकीट स्वस्त झालं, पास मिळाला, तरी गाडी सुटायची वेळ ही वेगळीच गोष्ट आहे. मी रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांना तिथूनच फोन लावला. सकाळच्या बॅचमध्ये दोन टेबलं मोकळी होती. पाच मिनिटांचं काम. वर्षभर कोणी केलं नव्हतं, कारण वर्षभर कोणाला माहीतच नव्हतं.

पण गोष्ट इथे संपली नाही. मेजर कोणता, हा प्रश्न उरलाच. मी विचारलं, गेल्या हंगामात सकाळी उठून काय करायचीस? ती म्हणाली, आईसोबत शेडनेटमध्ये जायची, क्रॉसिंगला. देऊळगाव राजा, जाफराबाद या पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं संकरित बियाणं तयार करतात. मादी झाडावरची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने उघडायची, त्यातले पुंकेसर काढून टाकायचे, खूण करायची, आणि दुसऱ्या सकाळी नर झाडाचा पराग तिच्यावर लावायचा. हे काम बहुतांशी बायका करतात. ही मुलगी ते बारा-तेरा वर्षांची असल्यापासून करते. कोणती कळी उद्या उमलणार हे तिला रंगावरून कळतं.

मी म्हटलं, फर्स्ट इयरला फुलाची रचना शिकवली तेव्हा हे सांगितलंस का वर्गात? तिने मान हलवली. नाही. "ते तर मजुरीचं काम आहे ना, मॅडम."

मला या वाक्याचं फार वाईट वाटलं. जालन्याची बियाण्यांची ओळख जगभर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर दावलवाडीला कंपनीचं संशोधन केंद्र आहे, तिची बस त्यावरून जात नसली तरी नाव तिने ऐकलेलं आहे. त्या केंद्रातला पैदासकार जे संकर करतो, त्यातली हाताची पायरी तिला येते. तिला येत नाही ती त्यामागची आनुवंशिकी, आणि ती शिकण्यासाठीच पदवी असते. तिला मी एवढंच सांगितलं. वनस्पतिशास्त्र मेजर घे, असं नाही सांगितलं. रसायनशास्त्र मेजर असेल तर काय, तेही सांगितलं. जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यांत धातूची तपासणी करणारी प्रयोगशाळा असते, खत-औषधांच्या कंपन्यांत गुणवत्ता विभाग असतो, आणि रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ पासून इथेच जालन्यात आहे. दोन्ही वाटा तिच्यासमोर ठेवल्या आणि म्हटलं, आज फॉर्म भरू नकोस. घरी जा, आईला विचार, परवा ये.

वीस मिनिटांच्या जागी पाऊण तास गेला. बाहेर रांग वाढली होती.

दुपारी १२.००

पुढची पाच-सहा मुलं भराभर झाली. काहींचं खरोखर ठरलेलं असतं. जुन्या जालन्यातली एक मुलगी आली, उर्दू मेजर, इंग्रजी मायनर, कारणं तयार, पुढचा मार्ग तयार. तिला शाळेत शिकवायचं आहे. बी.एड.ला आणि पुढे शिक्षक भरतीत पदवीचा विषय बघतात, म्हणून शाळेत शिकवला जाणारा विषय मेजर ठेवायचा, हे तिने स्वतःच शोधून काढलं होतं. मी सही करून अभिनंदन केलं.

दुपारी १२.४०

डोक्यावर टोपी, हातात छत्री, सोबत मुलगा. अंबडकडचे शेतकरी. मोसंबीची बाग आहे. वडीलच बोलतात, मुलगा जमिनीकडे बघतो.

"मॅडम, कोणत्या विषयाला नोकरी आहे तेवढं सांगा. आम्ही तोच घेऊ."

"काका, विषयाला नोकरी नसते. विषय नीट शिकलेल्याला मिळायची शक्यता असते."

त्यांना हे उत्तर पुरलं नाही, आणि पुरणारही नाही. बागेला पाणी कमी पडलं, भाव पडला, तर घरात महिन्याला एक ठरावीक रक्कम यावी एवढीच त्या माणसाची मागणी आहे. अशा बापाला 'मुलाला त्याच्या आवडीचं करू द्या' एवढं सांगून वाटेला लावणं मला क्रूर वाटतं. आवड हा शब्द वापरण्याआधी त्यांच्या भीतीला उत्तर द्यावं लागतं. मी कागदावर लिहून दाखवते. तीन वर्षांत १२० ते १३२ श्रेयांक झाले की पदवी. चौथं वर्ष केलं की ऑनर्स, आणि मग एम.ए. किंवा एम.एस्सी. एका वर्षाची. स्पर्धा परीक्षेला तिसऱ्या वर्षानंतर बसता येतं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, सेतूत गर्दी वाढायच्या आत. बापाच्या चेहऱ्यावरचा ताण दाखल्याचा विषय निघाल्यावर कमी होतो, कारण ते त्याला करता येण्याजोगं काम आहे.

मग मी त्यांना बाहेर बाकावर दहा मिनिटं बसायची विनंती करते. पोराशी एकट्याने बोलणं हा या भेटीचा भाग असतो आणि तो कोणत्याही पालकासाठी मोडायचा नाही. पोरगा एकटा झाल्यावर सांगतो की त्याला मराठी घ्यायचं आहे, तो लिहितो, वहीत. वडिलांना माहीत नाही. मी मराठीच्या सरांना बोलावलं आणि तिघांनाही एकत्र बसवून दिलं. निर्णय आज झाला नाही. मराठी मेजर घेतलेला मुलगा पुढे काय करू शकतो, हे माझ्यापेक्षा सरांनी सांगितलेलं बरं.

दुपारी २.००

डबा. सोबत दोन सहकारी. एकाचं म्हणणं असं की मुलांना सगळं मोबाईलवर मिळतं, आपण कशाला बसायचं. मला हे पटत नाही. मोबाईलवर माहिती मिळते. पण 'तू गेल्या सत्रात हा विषय का चुकवलास' असं मोबाईल विचारत नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत मुलांना सुरुवातीला मेजर न ठरवता शिकायची मुभा असते, दोन वर्षांपर्यंतही. पण त्यातल्या अनेक ठिकाणी सल्लागाराला भेटल्याशिवाय पुढच्या सत्राची नोंदणीच उघडत नाही. आपल्याकडे भेट सक्तीची केली की लोक म्हणतात, मोठी मुलं आहेत, सक्ती कशाला. माझं उत्तर असं आहे. जी मुलं आपणहून येतात, त्यांना बहुधा माझी फारशी गरज नसते. सक्ती केली नाही तर जाफराबादची मुलगी माझ्या दारात कधीच आली नसती.

नॅकच्या मूल्यांकनात पालक प्राध्यापक आणि विद्यार्थी यांचं प्रमाण विचारतात. त्यामुळे कागदावर प्रत्येक महाविद्यालयात ही योजना आहे. काही ठिकाणी वर्षाच्या शेवटी एका बैठकीत सगळ्या नोंदवह्या भरल्या जातात, शाईसुद्धा एकाच पेनाची. तिथल्या प्राध्यापकांना मी एकदम दोष देत नाही. पदं रिकामी आहेत, एकेका माणसावर दोन-तीन समित्या आहेत. पण मग योजना आहे असं म्हणू नये.

दुपारी २.४५

ज्याची मी सकाळपासून वाट बघत होते, तो मुलगा आला. घनसावंगी तालुक्यातला. आई-वडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी वडिलांच्या पाठीला मार लागला म्हणून हाही गेला. पहिलं सत्र बुडालं, विषय राहिले. तो प्रवेश घ्यायला आलाच नव्हता, टी.सी. मागायला आला होता.

मेजर-मायनर ही त्याच्यासाठी फार पुढची गोष्ट. त्याच्याशी बोलताना मी फक्त नियम सांगितले, कारण नियम त्याच्या बाजूचे आहेत आणि ते त्याला कोणीच सांगितलेले नाहीत. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत (एबीसी) त्याच्या खात्यावर राहतात. पहिलं वर्ष पूर्ण करून आणि चार जादा श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम करून थांबलं तर प्रमाणपत्र मिळतं, आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. पण त्याचे विषय राहिलेले असल्यामुळे आज त्याला प्रमाणपत्रही मिळणार नाही. म्हणून टी.सी. नेण्यात त्याचा काहीच फायदा नाही. राहिलेले पेपर दे, ते निघाले की मग थांबायचं की पुढे जायचं ते ठरव.

लग्न ठरलेल्या मुलींनाही मी हेच सांगते. आमच्या जिल्ह्यात मुलींची लग्नं लवकर होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. कायद्याच्या वयाआधी लग्न होत असेल तर बोलणं वेगळ्या लोकांशी करावं लागतं आणि ते आम्ही करतो. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचं ठरलं असेल, तर 'संपलं आता शिक्षण' हे वाक्य तिच्या डोक्यातून काढायचं. एबीसीचा आयडी तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यायचा. सासरच्या गावाहून ती परत आली, तर दार उघडं आहे हे तिला माहीत असलं पाहिजे.

मुलाने टी.सी.चा अर्ज परत घेतला नाही. खिशात घडी करून ठेवला. म्हणाला, घरी विचारतो.

दुपारी ४.३०

नोंदी. प्रत्येकाच्या पानावर तीन ओळी लिहिते. काय ठरलं, कशामुळे ठरलं, पुढची भेट कधी. 'कशामुळे' ही ओळ महत्त्वाची. पुढच्या वर्षी हा मुलगा "मॅडम, चुकीचा मेजर घेतला" म्हणत आला, तर ती ओळ आम्ही दोघं मिळून वाचतो.

आजच्या पानांवरून एक गोष्ट पुन्हा दिसली. ज्यांनी अजून ठरवलेलं नाही असं आपण म्हणतो, त्यांतल्या थोड्यांनाच विषयांबद्दल खरा संभ्रम असतो. बाकीच्यांच्या आड गाडीची वेळ असते, घरचं काम असतं, मोठ्या भावाचं ऐकीव मत असतं, किंवा आपल्याला जे येतं ते शिक्षण नव्हेच ही समजूत असते. यातलं काहीही चाचणीच्या कागदावर उमटत नाही. ज्यांना खरोखरच कळत नाही, त्यांना मी निश्चिंत राहायला सांगते. पहिल्या वर्षाचे तीन विषय त्यासाठीच तर होते. मायनर म्हणून असा विषय घे की ज्याची वाट पूर्ण बंद करायला मन धजत नाही.

संध्याकाळी ५.१५

मंठा चौफुलीवर भाजी घेताना आमच्याकडून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक मुलगा भेटला. अभ्यासिकेत बसतो म्हणाला. त्याच्या वेळी तिन्ही विषय शेवटपर्यंत होते. "आमचं बरं होतं मॅडम, निवडायचंच नव्हतं." आता कोणता विषय राज्यसेवेला घेऊ, असं त्याने तिथेच विचारलं. उद्या अकराला ये म्हटलं.

रात्री ९.००

जाफराबादच्या मुलीचा फोन आला. तिच्यासोबत आईही बोलली. आईने विचारलं, "पोरगी जे शेडनेटात करती, तेच कॉलेजात शिकवत्यात का?" मी म्हटलं, त्याच्या पुढचं शिकवतात. वनस्पतिशास्त्र मेजर, रसायनशास्त्र मायनर, प्रात्यक्षिकाची बॅच सकाळची. परवा फॉर्म भरायला दोघीही येणार आहेत.

तुमच्या घरात एफवाय झालेलं मूल असेल तर त्याच्या पालक प्राध्यापकाचं नाव त्याला विचारा. नाव सांगता आलं नाही, तर महाविद्यालयात जाऊन विचारा, आणि फॉर्म भरायच्या आधी त्या माणसासमोर मुलाला वीस मिनिटं बसू द्या. गुणपत्रिका, एबीसीचा आयडी आणि घराकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ सोबत न्या. आणि बोलणं सुरू झालं की तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.